प्रभाग खुला झाल्यावर

गोव्यातल्या आमच्या डिचोलीकडच्या गावात वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा शेजारच्या वहिनी पंच, म्हणजे ग्रामपंचायत सदस्य, झाल्या. पहिल्या ग्रामसभेत त्यांनी हातात आलेला माईक नवऱ्याकडे सरकवला. पाचव्या सभेत नळाला पाणी न येण्याचा विषय निघाला आणि तेव्हा नवरा उठू लागताच त्यांनी त्याला हातानेच बसवलं. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला. ‘आता वहिनींचं काय काम?’ असं वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, सहज बोललं गेलं.

मला ते लागलं, कारण आरक्षण गेल्यावर मागे काय उरतं, या प्रश्नावर उत्तम संशोधन झालं आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. पश्चिम बंगालमध्ये कोणत्या पंचायतीचं प्रधानपद (आपल्याकडचं सरपंचपद) स्त्रीसाठी राखीव हे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखं ठरत होतं. त्यामुळे औषधाच्या चाचणीत करतात तसे गावांचे दोन गट आपसूक पडले. अर्थतज्ज्ञ एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी बीरभूम जिल्ह्यात लोकांना एकच भाषण ऐकवलं, कुणाला पुरुषाच्या आवाजात, कुणाला बाईच्या. स्त्री प्रधान कधीच न पाहिलेल्या गावांतले पुरुष बाईच्या आवाजाला कमी लेखत. जिथे स्त्री प्रधान होऊन गेली होती, तिथे हा भेद जवळपास मावळला होता. पुढारी पुरुषच असावा ही मनातली आवड मात्र तशीच राहिली. बाईला काम जमतं, एवढं त्यांना पटलं होतं.

राजस्थानात राज्यशास्त्राचे अभ्यासक सिमॉन शोशार यांना दलित सरपंचांबाबत याच्याशी मिळतंजुळतं काही दिसलं. इतर जातींच्या मनातले ग्रह फारसे हलले नाहीत. पण चारचौघांत कसं वागणं खपतं, याचा अंदाज बदलला. मला हे थोडं वाटत नाही. ज्याला रोज पंचायतीची पायरी चढायची असते, त्याच्यासाठी समोरच्याचं वागणं आधी बदलावं लागतं.

मुंबईचा निष्कर्ष तर आपल्या अगदी जवळचा. १९९७ साली राखीव असलेले महापालिकेचे वॉर्ड २००२ साली खुले झाले, तेव्हा तिथे स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या वॉर्डांच्या सुमारे पाचपट होती, असं रिखिल भवनानी यांनी दाखवलं. अनुभवी बायका तयार झाल्या होत्या आणि बाई जिंकू शकते हे पक्षांनाही कळलं होतं.

गोव्यात पंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. तिकीट घेऊन दारात कुणी येणार नसतं. ‘वहिनी, परत उभ्या राहा’ हे वाड्यावरच्यांनीच सांगायला हवं होतं. आम्ही कुणी गेलो नाही.