गोजिरासमोरचा म्हातारा

२०२४ च्या मार्चमध्ये ‘गॉडझिला मायनस वन’ला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळालं आणि सत्तर वर्षांच्या या मालिकेच्या खात्यावर पहिल्यांदा ऑस्कर जमा झालं. साहजिकच सगळीकडे कौतुक झालं ते त्या अजस्र प्राण्याचं. पण मालिकेची सुरुवात ज्या १९५४ च्या कृष्णधवल चित्रपटाने झाली, तो मी पुन्हा पाहतो तेव्हा माझी नजर प्राण्यापेक्षा एका माणसावर जास्त खिळते. डॉ. क्योहेई यामाने. उतारवयाला लागलेले, थकलेल्या डोळ्यांचे जीवाश्मशास्त्रज्ञ. ही भूमिका करणाऱ्या ताकाशी शिमुरा यांचं नाव आपल्याकडे गॉडझिलाच्या चाहत्यांनाही ठाऊक नसतं. माझ्या मते त्या चित्रपटाचा सगळा खरेपणा या एका चरित्र अभिनेत्याने तोलून धरला आहे. तो कसा, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

मूळ जपानी नाव ‘गोजिरा’. गोरिरा म्हणजे गोरिला आणि कुजिरा म्हणजे देवमासा, या दोन शब्दांचा तो जोड आहे. मराठी कानाला हे नाव लाडाचं वाटतं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर ‘कॅसल ब्राव्हो’ हा हायड्रोजन बॉम्ब फोडला. स्फोट साधारण ६ मेगाटनांचा होईल असा अंदाज होता, झाला १५ मेगाटनांचा. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ नावाची जपानी बोट ट्यूना मासे पकडत होती. बोटीवर २३ माणसं होती. काही तासांनी आकाशातून पांढरी राख पडू लागली, त्यांच्या अंगावर, केसांत, डेकवर. बोट १४ मार्चला याइझू बंदराला लागली तेव्हा सगळ्यांना किरणोत्साराची बाधा झालेली होती. जपानी लोक त्या राखेला ‘मृत्यूची राख’ म्हणू लागले. बाजारातला मासा यंत्राने तपासला जाऊ लागला, किरणोत्सारी ट्यूना जमिनीत पुरावा लागला. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या गृहिणींनी अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षापर्यंत देशभरातून तीन कोटींहून अधिक सह्या जमल्या. जगातही खळबळ होतीच. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली, ती याच स्फोटानंतर.

त्याच वसंतात तोहो कंपनीचे निर्माते तोमोयुकी तानाका अडचणीत सापडले होते. इंडोनेशियाबरोबर ठरलेला मोठा चित्रपट ऐनवेळी बारगळला आणि वर्षाच्या वेळापत्रकात भलंमोठं भगदाड पडलं. जाकार्ताहून परतताना विमानातून खालचा समुद्र बघता बघता कल्पना सुचली, असं ते सांगत: या चाचण्यांनी समुद्रतळाशी झोपलेलं काही जागं झालं तर? राक्षसी प्राण्यांचे अमेरिकन चित्रपट तेव्हा गाजत होतेच, पण त्या कथांमागे याइझूची बोट नव्हती. दिग्दर्शन इशिरो होंडा यांच्याकडे आलं. होंडा सैन्यात अनेक वर्षं काढून १९४६ मध्ये मायदेशी परतले, तेव्हा वाटेत त्यांनी हिरोशिमाची राखरांगोळी डोळ्यांनी पाहिली होती. प्राण्याचं आणि उद्ध्वस्त होणाऱ्या शहराचं काम एइजी त्सुबुराया यांनी अंगावर घेतलं.

आता मूळ मुद्दा. कथेचा पहिला आराखडा शिगेरू कायामा या रहस्यकथाकाराने लिहिला. त्यातले यामाने वेगळेच होते. अंगावर झगा, डोळ्यांवर काळा चष्मा, जुनाट विलायती धाटणीच्या घरात राहणारा आणि रात्रीच बाहेर पडणारा विक्षिप्त माणूस. भयकथेत शोभणारा, पण प्रेक्षकाला ‘हे सगळं खोटं आहे’ असं पहिल्याच दृश्यात सांगून टाकणारा. होंडा आणि सहलेखक ताकेओ मुराता यांनी पटकथा लिहिताना तो झगा उतरवला. उरला एक विधुर बाप, लग्नाच्या वयाची मुलगी असलेला आणि आपल्या विषयात बुडालेला प्राध्यापक. मला तर वाटतं, तो विक्षिप्तपणा पुढे चित्रपटातल्या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे, डॉ. सेरिझावाकडे गेला: एका डोळ्यावर पट्टी, तळघरातली प्रयोगशाळा, कुणालाही न सांगितलेला शोध. यामाने मात्र शेजारच्या घरात राहत असावेत असे झाले. अशा साध्या माणसाला पडद्यावर वजन हवं असेल, तर ते नटाने स्वतःबरोबर आणावं लागतं.

शिमुरांकडे ते होतं. त्यांचा जन्म १२ मार्च १९०५ चा, ह्योगो प्रांतातल्या इकुनो या चांदीच्या खाणीच्या गावातला. घराणं समुराईंचं, आजोबा १८६८ च्या तोबा-फुशिमीच्या लढाईत उतरलेले. मुलगा मात्र ओसाकाच्या पाणीपुरवठा खात्यात नोकरी आणि संध्याकाळी कॉलेज, अशा मार्गाला लागला. नाटकाचं वेड इतकं वाढलं की तालमींपायी नोकरी गेली. १९३४ मध्ये चित्रपटात पाऊल पडलं. जुन्या डाव्या नाटकमंडळींशी संबंध होता म्हणून गुप्त पोलिसांनी एकदा उचलून नेलं आणि जवळजवळ तीन आठवडे डांबून ठेवलं. १९४३ मध्ये ते तोहोत आले आणि दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या पहिल्याच चित्रपटात उभे राहिले. पुढे कुरोसावांच्या ३० पैकी २१ चित्रपटांत ते होते. कुरोसावांचे नायक तोशिरो मिफुने १६ मध्ये. नाव मिफुनेंचं झालं, हे नायकाच्या बाबतीत सगळीकडे होतंच.

१९५४ च्या जपानी प्रेक्षकाने हा चेहरा कुठे कुठे पाहिला होता ते बघा. १९४८ मध्ये क्षयाने खंगलेल्या गुंडाला शिव्या घालत घालत बरा करू पाहणारा दारुडा डॉक्टर. ‘राशोमोन’मधला लाकूडतोड्या. १९५२ च्या ‘इकिरू’मधला पालिकेतला विभागप्रमुख: कर्करोग झाल्याचं कळल्यावर एक मुलांचं उद्यान उभं करण्यासाठी धडपडणारा आणि शेवटी बर्फात त्याच उद्यानातल्या झोपाळ्यावर बसून गाणं म्हणणारा. आणि २६ एप्रिल १९५४ ला, ‘गोजिरा’च्या सहा महिने आधी, ‘सेव्हन सामुराई’मधला कांबेई. चोराच्या तावडीतून मूल सोडवायचं म्हणून हा प्रौढ योद्धा नदीकाठी बसून डोक्यावरची शेंडी कापू देतो आणि भिक्षूचा वेश घेतो. समुराईसाठी शेंडी म्हणजे अब्रू. शिमुरा ते इतक्या सहज करतात की भोवतीच्या गावकऱ्यांचे चेहरे आपल्याला त्याचा अर्थ सांगतात.

तोच माणूस ३ नोव्हेंबर १९५४ ला कोट-टाय घालून पडद्यावर आला आणि म्हणाला की समुद्रात ५० मीटर उंचीचा प्राणी आहे. प्रेक्षकाने विश्वास ठेवला. पात्र निवडताना तोहोने नेमकं हेच साधलं. रबराच्या पोशाखात हारुओ नाकाजिमा घामाने निथळत छोटी छोटी घरं तुडवत होते (तेही ‘सेव्हन सामुराई’त एका दरोडेखोराच्या छोट्या भूमिकेत होते), पण तो पोशाख खरा वाटावा म्हणून कुणीतरी त्याच्याकडे खऱ्या डोळ्यांनी बघायला हवं होतं.

चित्रपटातल्या ओदो बेटावरचं दृश्य आठवा. वादळानंतर यामाने तपासाला जातात. जमिनीत तळ्याएवढा खड्डा, आणि तो पावलाचा ठसा असतो. किरणोत्सार मोजणारं यंत्र कटकट करतंय, विहिरीचं पाणी किरणोत्सारी झालंय. यामाने चिखलातून काहीतरी उचलतात. ट्रायलोबाइट, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला समुद्री जीव. सहकारी बजावतो की उघड्या हाताने धरू नका. शिमुरांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी भीतीचा लवलेश नाही. आयुष्यभर दगडात जे शोधलं ते ओलं होऊन तळहातावर आलंय, एवढंच त्या चेहऱ्यावर आहे. आपण हबकतो ते त्यामुळे. आपल्याला धोका दिसतोय आणि या भल्या माणसाला तो दिसत नाहीये.

(पुढे संसदेच्या समितीसमोर ते ज्युरासिक काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. हे सपशेल चूक आहे, तो संपूनही साडेचौदा कोटी वर्षं झाली. पण शिमुरा ते अशा निष्ठेने सांगतात की सभागृहात कुणी हूं की चूं करत नाही.)

त्या सुनावणीत ते स्ट्रॉन्शियम-९० या किरणोत्सारी द्रव्याचा पुरावा ठेवून प्राणी हायड्रोजन बॉम्बमुळे जागा झाल्याचं सांगतात. लगेच एक सदस्य उठून ही गोष्ट गुप्त ठेवा म्हणतो, परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून. समोरून महिला सदस्य ओरडतात, सत्य लोकांपुढे आलंच पाहिजे. गदारोळ माजतो. ब्राव्होची राख अंगावर घेतलेल्या देशात, सुगिनामीच्या गृहिणी दारोदार फिरत असताना, हे दृश्य म्हणजे वर्तमानपत्राचं पहिलं पान होतं. आणि चित्रीकरण चालू असतानाच, २३ सप्टेंबरला, त्या बोटीवरचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा गेले. वय ४० वर्षं.

प्राण्याला मारायचं की अभ्यासायचं, हा या भूमिकेचा गाभा. सरकार समुद्रात स्फोटकं टाकतं. घरी टीव्हीवर ते बघून सगळे हुरळतात आणि यामाने उठून आपल्या खोलीत जातात. दिवा मालवून अंधारात एकटे बसतात. बाजूला डायनोसॉरच्या सांगाड्याची छोटी प्रतिकृती. मिनिटभराचाही प्रसंग नाही, पण शिमुरांनी त्यात शोक दाखवला आहे, घरातलं कुणी गेल्यासारखा. मुलीचा प्रियकर ओगाता म्हणतो की मारायलाच हवं, तर हे सौम्य गृहस्थ त्याला घराबाहेर काढतात. अनेकांना हा शास्त्रज्ञाचा हट्ट वाटतो. मला तो त्या काळातला सर्वांत न्याय्य प्रश्न वाटतो. यामानेंना जाणून घ्यायचंय की एवढा किरणोत्सार सोसून हा जीव जगला कसा. हिरोशिमा आणि नागासाकीचे हजारो रुग्ण अंथरुणावर असलेल्या देशात या प्रश्नाचं मोल काय असेल!

पण टोकियो जळतं. इस्पितळाच्या ओसरीवर माणसं आडवी पडतात, एका लहान मुलाजवळ यंत्र धरलं की ते कटकटतं. मार्च १९४५ च्या एका रात्रीत बॉम्बफेकीने जळून गेलेली सुमारे एक लाख माणसं त्या प्रेक्षकांना आठवली नसतील तर नवल. यानंतर यामाने प्राण्याच्या बाजूने बोलत नाहीत. त्यांनी मत बदलल्याचा एकही संवाद नाही. फक्त खांदे उतरलेले दिसतात.

शेवट बोटीवर होतो. सेरिझावाने पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करणारा आपला ‘ऑक्सिजन डिस्ट्रॉयर’ वापरून गोजिराला संपवलंय आणि हा शोध कुणाच्या हाती पडू नये म्हणून स्वतःही समुद्रातच राहिलाय. डेकवर आधी जल्लोष, मग सुन्न शांतता. यामाने, जवळजवळ स्वतःशीच, म्हणतात की हा एकच गोजिरा उरला होता असं मला वाटत नाही, अणुचाचण्या अशाच चालू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा येईल. शिमुरा हे वाक्य भविष्यवाणीच्या थाटात म्हणत नाहीत. डोळे खाली, आवाज दबका. संगीतही अकिरा इफुकुबेंचं शोकगीतच.

जपानमध्ये ९६ लाखांहून अधिक तिकिटं खपली. पुढे शिमुरांनी विज्ञानपटांकडे कमीपणाने पाहिलं नाही. १९५५ च्या दुसऱ्या भागात ते यामाने म्हणून थोडा वेळ परतले. नंतर ‘मिस्टीरियन्स’मध्ये शास्त्रज्ञ, ‘मोथरा’त वृत्तपत्राचे संपादक, १९६४ च्या ‘गिदोरा’मध्ये मनोविकारतज्ज्ञ. जगबुडी जवळ आली की शिमुरा येऊन समजावणार, हे तोहोच्या प्रेक्षकाला ठाऊक झालं. १९८० च्या ‘कागेमुशा’त ते कुरोसावांकडे शेवटचे दिसले आणि ११ फेब्रुवारी १९८२ ला गेले.

अमेरिकेने मात्र त्यांना ऐकलंच नाही. १९५६ मध्ये तिथे चित्रपट लागला तो कापून, रेमंड बर नावाच्या अमेरिकन नटाला वार्ताहर म्हणून मध्ये घुसवून. आगगाडीत ट्यूना आणि नागासाकीबद्दल बोलणारे प्रवासी गेले, यामानेंचं शेवटचं वाक्यही गेलं. त्याऐवजी वार्ताहराच्या आवाजात संकट टळल्याचा दिलासा आला. जगभर बराच काळ हीच आवृत्ती फिरली. मूळ चित्रपट अमेरिकन चित्रपटगृहांत रीतसर लागला तो २००४ मध्ये, पन्नास वर्षांनी. तेव्हा डेकवरचा तो म्हातारा त्याच्या स्वतःच्या दबक्या आवाजात तिथल्या अंधारात पहिल्यांदा बोलला.