श्वासाच्या मागावर: अंदमानचा धबधबा आणि डास

"माझं रक्त गोड आहे, म्हणून डास मलाच चावतात." घरात चार माणसं बसली की त्यातलं एक जण हे म्हणणारच. दिवाळीनंतर नागपुरातून अंदमानच्या सहली निघू लागतात आणि बॅगा भरताना हेच वाक्य पुन्हा कानावर येतं. मग कोणी लसूण खायला सांगतं, कोणी बी-१ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवतं, कोणी मोबाइलवर 'डास पळवणारा' आवाज लावतं. यातलं काहीच उपयोगाचं नाही. आवाज काढणाऱ्या उपकरणांच्या १० मैदानी चाचण्यांचा एकत्र आढावा २००७ साली घेतला गेला, तेव्हा चावे कमी झाल्याचं एकाही चाचणीत दिसलं नाही. आणि रक्ताची चव? ती डासाच्या मादीला सोंड खुपसल्यावर कळणार. तोपर्यंत चावून झालेलं असतं.

तिला माणूस सापडतो तो वेगळ्याच खुणांवरून. त्या खुणा समजल्या की धबधब्याच्या वाटेवर कुठे थांबायचं, काय घालायचं आणि डास दूर ठेवणारं मलम कधी लावायचं, हे आपोआप ठरतं.

आधी हवामान. नागपूरचा पाऊस वर्षाला साधारण १,१०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात पडून जातो. अंदमानात जवळपास ३,००० मिलिमीटर पडतो आणि तिथे ईशान्य मोसमी पाऊसही येतो. म्हणजे आपण कपाटातून स्वेटर बाहेर काढतो त्या नोव्हेंबर-डिसेंबरातही तिथलं जंगल ओलं असतं. "थंडीत कुठले डास?" हा नागपुरी हिशेब तिथे चालत नाही.

दुसरा गैरसमज असा की धबधबा आहे, म्हणजे पाणी आहे, म्हणजे तिथेच डास होतात. हे तपासायला लांब जायची गरज नाही. आठवडाभर न बदललेल्या कूलरच्या टाकीत टॉर्च मारून बघा. बारीक अळ्या डोकं खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाला लोंबकळताना दिसतात. शेपटीकडची श्वासनळी त्यांनी वर हवेत काढलेली असते. टाकीला टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाशी जातात आणि थोड्या वेळात श्वासासाठी पुन्हा वर येतात. ही नळी वर टेकवायला पाण्याचा पृष्ठभाग शांत लागतो. कोसळत्या पाण्यात तो मिळत नाही, अळी वाहून जाते किंवा बुडते. म्हणून लिटल अंदमानातल्या व्हाइट सर्फसारख्या धबधब्याच्या धारेत डास तयार होत नाहीत. ते होतात आजूबाजूला: खडकातल्या खळग्यांत, झाडांच्या ढोलीत, तोडलेल्या बांबूच्या पेरात, फुटक्या करवंटीत. वाटीभर पाणी पुरतं. अशा पाण्यातून निघणारा एडिस अल्बोपिक्टस, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा काळा डास, दिवसा आणि सावलीत चावतो. ट्रेकच्या वाटेवर गाठ पडते ती मुख्यतः त्याच्याशी.

आता मूळ मुद्दा. तो थोडा बारकाईने सांगायला हवा, कारण पुढची सगळी तयारी त्यावर उभी आहे.

हवेत कार्बन डायऑक्साइड असतो ०.०४ टक्क्यांच्या आसपास. आपल्या उच्छ्वासात तो ४ टक्के, म्हणजे शंभरपट. शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो, चढावर दम लागला की ४०-५० लिटर. ही हवा जंगलात धुक्यासारखी एकसारखी पसरत नाही. उदबत्तीचा धूर आठवा. थोडा वेळ सरळ वर जातो, मग वळसे घेतो आणि तुटक धाग्यांत विखुरतो. श्वासाचंही तेच होतं. कित्येक मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलेल्या मादीपर्यंत त्याचे तुटक धागेच पोहोचतात. तिच्या सोंडेशेजारच्या आखूड स्पर्शकांवर कार्बन डायऑक्साइड ओळखणाऱ्या पेशी असतात. एक धागा लागला की ती वाऱ्याच्या उलट दिशेने झेपावते. धागा सुटला की आडवी, डावी-उजवीकडे हेलकावे घेत फिरते. पुन्हा लागला की पुन्हा झेप. पण वारा कुठून येतोय हे उडताना कसं कळतं? आपण नदीत पोहताना काठाकडे बघून प्रवाह ओळखतो तसं. खालची जमीन डोळ्यांखालून कशी सरकते यावरून ती स्वतःचं वाहून जाणं ओळखते आणि तेवढं वळण घेते.

कार्बन डायऑक्साइड नुसता पत्ता सांगत नाही, इतर इंद्रियांनाही जागं करतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत एडिस इजिप्ती या डेंग्यू पसरवणाऱ्या डासाच्या माद्यांना या वायूची झुळूक दिल्यावर त्या लाल, नारिंगी आणि काळ्या ठिपक्यांकडे वळल्या. हिरव्या, निळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्याकडे त्यांनी फिरकूनही पाहिलं नाही. झुळूक नसताना त्यांना कुठल्याच रंगाचं वावडं किंवा ओढ नव्हती. माणसाची कातडी, वर्ण कोणताही असो, लाल-नारिंगी प्रकाश जास्त परावर्तित करते. जवळ आल्यावर घामातलं लॅक्टिक आम्ल आणि त्वचेवरची इतर आम्लं, शेवटच्या काही सेंटिमीटरांत अंगाची ऊब, आणि टेकल्यावर पायांनी घेतलेली चव. 'मलाच का चावतात' याचं एक उत्तर इथे आहे: ज्यांच्या त्वचेवर ही आम्लं जास्त, ते डासांना जास्त आवडतात, असं २०२२ च्याच दुसऱ्या अभ्यासात दिसलं. साखरेचा यात काही संबंध नाही.

डासाचा वेग ताशी २ किलोमीटरच्या आसपास असतो. आपण चालतो त्याच्या दुप्पट वेगाने. म्हणून चालताना फारसे चावे जाणवत नाहीत. पण धापा टाकत टाकत आपण मागे वासाची वाट आखत असतो, आणि सावलीत पाणी प्यायला बसलं की पाच मिनिटांत सगळी मंडळी हजर. चावे बसतात ते विसाव्याला. त्यामुळे विसावा उघड्यावर, वारा लागेल अशा जागी घ्यावा. धबधब्याच्या अगदी पायथ्याशी कोसळतं पाणी हवा ढकलत असतं, तिथे डास तग धरत नाही. दोन झाडं मागे, दगडांच्या सावलीत, तो वाट बघत असतो. गारवा शोधत वाट सोडून आत शिरू नये. लिटल अंदमानात ओंगे समाजाचं राखीव क्षेत्र आहे, आणि तिथे जायला कायद्याने बंदी आहे.

आता मलम. संत्र्याची ओली साल नाकाजवळ दाबा. बारीक फवारा उडतो, वास घमघमतो आणि काही मिनिटांत ओसरतो. सालीतलं लिमोनीन हे सुगंधी द्रव्य भराभर उडून जातं. सिट्रोनेलासारख्या सुगंधी तेलांचंही तसंच आहे. वास उग्र येतो कारण ते उडतंय, आणि उडतंय म्हणून संपतं. डीट हे डास दूर ठेवणारं रसायन जड आहे, हळू उडतं, कातडीवर टिकून राहतं. २००२ च्या एका तुलनेत २३.८ टक्के डीटने सरासरी ३०१ मिनिटं संरक्षण दिलं आणि ४.७५ टक्क्यांनी ८८ मिनिटं. सिट्रोनेलाची उत्पादनं २० मिनिटंही टिकली नाहीत, आणि मनगटी पट्ट्यांनी काहीच संरक्षण दिलं नाही. 'नैसर्गिक' लिहिलेल्या पट्ट्यांवर पैसे घालवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

डीट दोन वाटांनी काम करतं. २०१३ साली संशोधकांनी वास ओळखणाऱ्या बहुतेक ग्राहकांना लागणारं एक जनुक एडिस इजिप्तीत बंद केलं. त्या माद्या डीट लावलेल्या हाताकडे बेधडक आल्या, पण कातडीवर टेकल्या आणि न चावता उडाल्या. २०१९ मध्ये कळलं की ही दुसरी अडवणूक पायांच्या टोकांना होणाऱ्या स्पर्शातून येते. याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा आहे. मलम लावलेल्या जागेच्या बाजूला रुपयाएवढी जागा कोरडी राहिली, तर डास नेमका तिथे टेकतो. घोटा, मोज्याची कड, गुडघ्यामागचा खळगा, कानामागे, पाठपिशवीने टी-शर्ट वर सरकतो ती कंबरेची पट्टी: चावे इथेच मोजावेत. थर जाड नको, पण अखंड हवा.

नळीवर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आपल्याकडच्या क्रीमांत बऱ्याचदा एन,एन-डायएथिल बेंझामाइड १२ टक्के असतं. ते डीटचं भावंड, पण डीट नव्हे. दिवसभराच्या ट्रेकला २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन हे तसंच दुसरं रसायन बरं. प्रयोगशाळेतला हात घामाने निथळत नसतो, म्हणून चढावर सांगितलेल्या वेळेच्या निम्मीच धरावी. आधी सनस्क्रीन, ते मुरायला १५-२० मिनिटं, मग मलम. दोन्ही एकाच नळीत असलेलं घेऊ नये, कारण सनस्क्रीन दर दोन तासांनी लावावं लागतं आणि डीट तितक्यांदा लावणं बरोबर नाही. चेहऱ्यावर थेट फवारू नका, तळहातावर घेऊन लावा. लहान मुलांच्या तळव्यांना लावू नका, हात तोंडात जातात. डीटने चष्म्याची प्लॅस्टिक फ्रेम, घड्याळाची प्लॅस्टिकची काच, स्पँडेक्सचे कपडे खराब होतात. सुती कापडाला काही होत नाही. पिकारिडिनने प्लॅस्टिक बिघडत नाही.

घट्ट लेगिंग्जमधून सोंड आरपार जाते. सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. परमेथ्रिन या कीटकनाशकाचा ०.५ टक्क्याचा फवारा मिळाला तर तो फक्त कपड्यांवर, आदल्या दिवशी, उघड्यावर मारून पूर्ण वाळवा. अंगावर कधीच नाही. घरी मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून दूर ठेवा, तिला ते विषारी आहे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो परतताना. सकाळी हॉटेलात लावलेलं मलम घामाने अर्धं गेलेलं असतं, उरलेलं धबधब्याने धुतलं जातं. मग ओल्या अंगाने सावलीत कपडे बदलायला उभं राहायचं, तेही दमलेला श्वास सोडत. डासांना याहून चांगली संधी मिळत नाही. पाण्यात उतरण्याआधी भरपूर मलम थापू नका. ते ओढ्यातल्या जिवांच्या पोटात जातं आणि तुमच्या कामी येत नाही. बाहेर आलात की अंग कोरडं करा, उन्हात किंवा वाऱ्यात उभं राहून कपडे बदला आणि लगेच नव्याने लावा. नळी म्हणूनच हॉटेलात न ठेवता टॉवेलासोबत ठेवायची.

संध्याकाळी किनाऱ्याकडे परतल्यावर डास बदलतो. तिथे मचूळ, खाऱ्या पाण्यात वाढणारा सुंदाइकस जातीचा ॲनोफेलिस मलेरिया पसरवतो, आणि तो रात्री चावतो. झोपायला मच्छरदाणी हवीच. तिच्या कडा गादीखाली खोचा.

परत आल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना आधी सांगा की अंदमानला गेलो होतो. मलेरियाचा ताप महिन्यांनीही येऊ शकतो, तेव्हाही सांगा. डेंग्यूची शंका असेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं. आणि ताप असेपर्यंत दिवसाही मच्छरदाणीत झोपा. आपल्या वस्तीतला एडिस इजिप्ती तुम्हाला चावला, तर डेंग्यूचा विषाणू त्याच्यात शिरतो. तो डास बहुधा कोणाच्या तरी कूलरमधूनच आलेला असतो. याची अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. कूलर आवरून ठेवताना टाकी नुसती रिकामी करू नका, आतून ब्रशने घासून काढा.