एक शेपूट की दोन पाती?

गेल्या रविवारी तलावावर मित्राने नवाकोरा मोनोफिन आणला होता. काळ्या रबराचे दोन बूट आणि ते एकाच, पाऊण मीटर रुंदीच्या पात्याला जोडलेले. बूट इतके घट्ट की साबणाचं पाणी ओतल्याशिवाय त्याची टाच आत जाईना. शेजारी पोहणाऱ्या आठवीतल्या मुलाने विचारलं, "काका, दोन पाय वेगवेगळे मारले तर जास्त जोर लागेल ना? हे तर पायच बांधून टाकलेत!"

प्रश्न रास्त आहे. बहामाजमधल्या डीन्स ब्लू होल या समुद्रातल्या 202 मीटर खोल विवरात एका श्वासात मारलेल्या बुड्यांचे तीन आकडे बघा. 2016 मध्ये न्यूझीलंडचा विल्यम ट्रूब्रिज इथे फिन्स, म्हणजे पायात घालायची पाती, न घालता 102 मीटर खोलीपर्यंत गेला. 2022 मध्ये फ्रान्सचा आर्नो जेराल्ड दोन पायांत दोन फिन्स घालून 120 मीटर गेला. रशियाचा अलेक्सी मोल्चानोव 2018 मध्येच मोनोफिनने 130 मीटरला पोचला होता. तिघेही दोर ओढत न जाता. माणसं वेगळी, म्हणून तुलना ढोबळच. नंतर हे आकडे पुढेही सरकले. पण क्रम तोच राहिला.

आता कारण. पाण्यात पुढे जायचं म्हणजे पाणी मागे ढकलायचं. न्यूटनचा तिसरा नियम, शाळेतला. रेटा मिळतो तो ढकललेल्या पाण्याच्या संवेगातून, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. खर्च होणारी ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गावर चालते: अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. सगळी गंमत या फरकात आहे. समजा, 10 किलो पाणी सेकंदाला 2 मीटर वेगाने मागे लोटलं. संवेग 20, ऊर्जा 20 ज्यूल. आता 20 किलो पाणी सेकंदाला 1 मीटर वेगाने लोटा. संवेग तोच 20, पण ऊर्जा फक्त 10 ज्यूल. पुढे जाण्याचा रेटा तेवढाच आणि खर्च निम्मा! ज्याच्याजवळ प्राणवायूची एकच शिदोरी आहे, त्याला यापेक्षा मोठी बचत कुठली?

म्हणून पातं रुंद हवं. रुंदीचा आणखी एक फायदा आहे. पातं हलतं तेव्हा एका बाजूला दाब वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो आणि पाणी कडांना वळसा घालून निसटतं. पाठीमागे भोवरे सोडून जातं, म्हणजे ऊर्जा वाया. अरुंद पात्यात कड जवळ असते, निसटणं जास्त होतं. ग्लायडर विमानाचे पंख लांबलचक असतात ते याचसाठी. दोन अरुंद पात्यांना चार कडा. मोनोफिनला दोनच, त्याही एकमेकींपासून दूर. बादलीत आधी उलथनं आणि मग ताट हलवून बघा, हाताला फरक लगेच कळेल.

शिवाय मोनोफिनचा मारा गुडघ्यातून होत नाही. लाट छातीत सुरू होते, कंबरेत वाढते आणि पात्याच्या टोकाशी चाबकासारखी सुटते. पातं मागे राहून वाकतं, त्या वाकण्यामुळेच पाणी वर-खाली न जाता मागे फेकलं जातं. काम पोट, पाठ आणि नितंबांचे मोठे स्नायू वाटून घेतात; एकट्या मांड्या पेटत नाहीत.

मग 120 आणि 130 यांत फरक एवढा कमी का? कारण खाली जाताना फिन्सचं काम थोड्याच अंतरापुरतं असतं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, फुफ्फुसातली हवा निम्मी जागा व्यापते. आणखी थोडं खाली गेलं की शरीर आपोआप बुडू लागतं. याला फ्री फॉल म्हणतात. पाणबुड्या दगडासारखा स्तब्ध खाली जातो. फिन्सची खरी परीक्षा परतीच्या वाटेवर, सगळ्यात खोल टप्प्यात असते.

हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ही योगसिद्धी आहे, आपल्याकडे जलसमाधीत हेच व्हायचं. नाही. गार पाणी चेहऱ्याला लागलं आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात. हा प्रतिक्षेप सीलमध्ये आहे, तसाच तुमच्याआमच्यात आहे. त्याला सिद्धी म्हणणं हा त्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या सरावाचा अपमान आहे. दुकानदाराने कार्बनच्या महागड्या पात्याची खोलीशी हमी जोडली, तर तीही मानू नका. पायांत ताकद नसताना कडक पातं घेतलं, तर पोटऱ्यांत गोळे तेवढे येतील.

माझं मत विचाराल तर सुरुवात दोन फिन्सनीच करावी. मोनोफिनमध्ये लाटेबरोबर डोकं हलतं, मान ताणली जाते आणि कानातला दाब सारखा करणं नवख्याला जड जातं. जागेवर वळणं, प्रवाळाजवळ थांबून बघणं, बोटीच्या शिडीवर चढणं, यांतलं काहीच सुखाचं नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जोडीदार. शुद्ध हरपते ती बहुधा पृष्ठभागाजवळ, वर आल्यावर किंवा येता येता. अशा वेळी एका हाताने त्याची हनुवटी धरून त्याला तरतं ठेवायचं असतं, आणि तेव्हा मोकळे दोन पाय लागतात. दोराच्या कडेने सरळ खाली-वर जायचं असेल, लाट अंगात मुरली असेल, तर मग मोनोफिनसारखं दुसरं काही नाही.

त्या मुलाला मी माझे जुने लांब फिन्स दिले. पहिल्या फेरीत तो गुडघे दुमडून सायकल मारल्यासारखा पाय मारत होता. मी कडेने चालत त्याला ओरडून सांगत होतो, "मांडीपासून, मांडीपासून!" तिसऱ्या फेरीत पाती वाकू लागली आणि पाण्याचा आवाज बंद झाला.