बंद मोटारीतली वाफ

खानापूर, चिकोडी, निपाणी या भागांत शेतापासून पेट्रोल पंप अनेकदा दूर असतो, त्यामुळे फवारणी पंपासाठी किंवा गवत कापायच्या यंत्रासाठी पेट्रोलचा कॅन डिकीत टाकणे आणि घरचा गॅस सिलिंडर मागच्या सीटवर आडवा करून आणणे ही अगदी नेहमीची गोष्ट झाली आहे. शिवाय कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांतले इंधनाचे दर वेगवेगळे असल्याने सीमेजवळच्या पंपावर थोडे जास्तीचे पेट्रोल भरून घ्यावेसे वाटते.

द्रवरूप पेट्रोल स्वतः जळत नाही, जळते ती त्याची वाफ. शून्याखाली सुमारे ४० अंशांनाही पेट्रोल पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणून बेळगावच्या थंडीतली पहाटही त्याच्या दृष्टीने उबदारच असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने सीटखाली आणि पायांशी साचते. स्वयंपाकाचा गॅसही हवेपेक्षा जड असतो आणि हवेतले त्याचे प्रमाण साधारण १.८ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. मोटारीच्या आतली जागा तीन घनमीटर धरली, तर हे प्रमाण गाठायला सुमारे १२० ग्रॅम गॅस पुरेसा होतो, आणि घरगुती सिलिंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. हा हिशेब प्रत्येक चालकाने एकदा तरी मनाशी करून पाहावा असे मला कळकळीने वाटते, कारण पुढचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

सिलिंडर उभाच न्यावा. तो आडवा असताना व्हॉल्व्हशी वायूऐवजी द्रव येतो, आणि गळती झालीच तर बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो. सुरक्षा टोपी घट्ट बसवावी, सिलिंडर दोरीने बांधावा, काचा उघड्या ठेवाव्यात आणि वाटेत कोठेही न थांबता थेट घर गाठावे. स्कूटरच्या पायदानावरून सिलिंडर नेणे इकडे सर्रास दिसते, परंतु गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार भरलेला सिलिंडर सायकलवरून किंवा कोणत्याही दुचाकीवरून नेण्यास मनाई आहे.

पेट्रोलसाठी १९३४ चा पेट्रोलियम कायदा लागू होतो. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते, मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे लागते: धातूचे भांडे २५ लिटरपर्यंतचे, काचेचे एक लिटरपर्यंतचे. पाण्याच्या बाटलीला किंवा खाद्यतेलाच्या जुन्या कॅनला यात जागा नाही. डिझेलची वाफ सहज पेटत नसल्याने त्याचे नियम बरेच सैल आहेत.

कॅन भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे पेट्रोलच्या प्रवाहातून निर्माण होणारी स्थिर वीज जमिनीत उतरते. डिकीतल्या गालिच्यावर तिला वाट मिळत नाही. कॅन काठोकाठ भरू नये, कारण तापमान २० अंशांनी वाढले की २० लिटर पेट्रोल सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते, आणि एप्रिलच्या उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत एवढा फरक सहज पडतो.

वाटेत वास आलाच, तर गाडी वस्तीपासून दूर मोकळ्यावर थांबवून इंजिन बंद करावे, सगळ्यांना उतरवून दारे सताड उघडावीत, दिव्याच्या बटणाला हात लावू नये, आणि मोबाइल गाडीपासून बरेच अंतर गेल्यावरच काढून १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर कळवावे.