पिशवीचा कर्करोग : रुग्णस्त्रियांच्या माहितीच्या व आधाराच्या गरजा (मराठवाडा)

गर्भाशयमुख, गर्भाशय, बीजांडकोश, योनिमार्ग व बाह्य जननांग यांचे कर्करोग झालेल्या स्त्रीला औषधोपचाराखेरीज लागणारी माहिती, मनाचा आधार, पैशाची व घरकामाची सोय यांचा समावेश ‘माहितीच्या व आधाराच्या गरजा’ या संज्ञेत होतो. ‘आधारसेवा’ या कल्पनेची मांडणी मार्गारेट फिच यांनी कॅनडात १९९४ च्या सुमारास केली, असे सामान्यतः मानले जाते. या गरजा मोजण्यासाठी ३४ प्रश्नांची एक प्रश्नावली पुढे बरीच वापरात आली. मानसिक, शारीरिक, माहितीविषयक, रुग्णसेवेच्या आणि लैंगिक असे गरजांचे पाच गट तिच्यात आहेत.

मराठवाड्यात अडचण शब्दापासून सुरू होते. गर्भाशय, त्याचे मुख आणि पुष्कळदा बीजांडकोशही बोलण्यात ‘पिशवी’ या एकाच नावाने येतात. ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असे सांगितले, की मलमाने भरून येणारी जखम असाच अर्थ घेतला जातो. ‘पिशवी काढली, आता कसली भीती’ हा समजही याच शब्दातून येतो. शस्त्रक्रियेत गर्भाशयमुख मागे ठेवले असेल तर तेथील कर्करोगाचा धोका राहतो. बीजांडकोश ठेवले असतील तर त्यांचाही. नेमके काय काढले हे कागदावर लिहून मिळणे आणि समजावून सांगितले जाणे, ही या भागातील पहिली गरज मानावी लागेल.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या संशोधनात मराठवाड्याचे नाव जगभर गेले ते तपासणीमुळे. बार्शी येथील ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू झाली. बार्शी सोलापूर जिल्ह्यात असली तरी या नोंदणीच्या क्षेत्रात मराठवाड्यातील परांडा व भूम हे तालुके येतात. त्यानंतर १९९९ पासून तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील ५२ गावसमूहांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर चाचणी-अभ्यास झाला. एका गटाची एचपीव्ही या, ज्याच्या संसर्गातून हा कर्करोग होतो अशा विषाणूसाठी, दुसऱ्याची गर्भाशयमुखाच्या पेशी पाहणाऱ्या पॅप तपासणीने, तिसऱ्याची ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी झाली. चौथ्या गटाला नेहमीचीच सेवा मिळाली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. आम्लतपासणीचा ठळक फायदा येथे दिसला नाही. तमिळनाडूतील दिंडिगुल व मुंबई येथील अभ्यासांत मात्र मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटलेले आढळले. हा फरक तपासणाऱ्यांचे प्रशिक्षण व उपचाराची तत्परता यांमुळे पडला असावा, असे काहींचे मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा कल आज एचपीव्ही चाचणीकडे आहे व तो अधिक ग्राह्य वाटतो. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणे नैतिक होते काय, यावरही बराच वाद झाला. एवढ्या स्त्रियांची मोजदाद झाली. निदान झाल्यावर त्यांनी काय विचारले, याची नोंद त्या मानाने फार विरळ आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीसमोर २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे काम चुकल्यास द्यावा लागणारा खाड्याचा दंड टाळण्यासाठी हे घडले, असे काही अभ्यासक म्हणतात. ‘नाहीतर कॅन्सर होईल’ या डॉक्टरी धाकावर इतरांचा भर आहे. दोन्ही कारणे एकत्र काम करीत असावीत. कर्करोगाविषयीची अर्धवट माहिती किती महाग पडते, हे यातून दिसते.

उपचाराच्या काळातील गरजा अगदी साध्या असतात. गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगात साधारण पाच आठवडे रोज किरणोपचार, आठवड्यातून एकदा केमोची सलाईन आणि शेवटी आतून किरणोपचार देतात. पोटावर शाईच्या खुणा करतात. त्या पुसायच्या नाहीत. ‘शेक’ म्हणजे किरणोपचार घेताना मूत्राशय भरलेले असावे, म्हणून पाणी पिऊन थांबायला सांगतात. पण एसटीच्या प्रवासात लघवीची सोय नसते, म्हणून सकाळपासून घोटभरही पाणी न प्यायलेली बाई तेथे येते. कारण समजावले तर ती पाणी पिते. नुसते दटावले तर गप्प बसते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारखर्च भागतो. छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तरी हिंगोली किंवा नांदेडकडच्या स्त्रीला पाच आठवडे राहायला जागा, सोबतीला बाईमाणूस आणि मागे घरी भाकरी थापणारे कोणीतरी लागतेच.

उपचारांनंतर योनिमार्ग आक्रसतो, पाळी अकाली जाते, कधी पाय सुजतात. योनिमार्ग आक्रसू नये म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा डायलेटर (आत घालायची गुळगुळीत नळी) वापरण्याचा सल्ला दिला जातो. तो नवऱ्यासमोर किंवा पुरुष डॉक्टरासमोर देऊन भागत नाही, त्यासाठी परिचारिकेने बाजूला घेऊन बोलावे लागते. हा आजार संबंधातून नवऱ्याला ‘लागत’ नाही, हेही तेव्हाच सांगणे योग्य. बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदनेसाठी तोंडाने घ्यायचे मॉर्फिन असते. अंगावरून जाणाऱ्या स्रावाच्या दुर्गंधीमुळे बाई स्वतःच ओसरीच्या कोपऱ्यात अंथरूण टाकते. मेट्रोनिडाझोलने ती दुर्गंधी बरीच कमी होते, आणि हे औषध साध्या दुकानातही मिळते.