दोन सेलांनी ठरवलेला रणगाडा

मागच्या पावसाळ्यात म्हापशाला माझ्या भाच्याने १/१६ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या एक-सोळांश लांबीच्या, रणगाड्याचं किट मागवलं. खोका दारात आला तेव्हा आईने विचारलं, "मिक्सर मागवलास काय रे?" आकारच तसा होता. आत राखाडी प्लास्टिकच्या चौकटीच चौकटी आणि त्यांना आंब्याच्या घोसासारखे लटकलेले शेकडो सुटे भाग. भाच्याला तोफेच्या नळीला रंग कुठला द्यायचा याची काळजी, मला मात्र भलताच प्रश्न पडला: हे १/१६, १/३५, १/७२ असले आकडे ठरवले कुणी?

बरेचसे आकडे इंग्रजांच्या फूटपट्टीतून आले. सहा फुटांना एक इंच धरला की १/७२. फुटाला पाव इंच म्हणजे १/४८, आणि पाऊण इंच म्हणजे १/१६. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीने १९३६ साली 'पेंग्विन' नावाने प्लास्टिकची सुटी विमानं विकायला काढली, ती १/७२ मापाची. तेव्हाचं प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट, उन्हात वाकणारं. महायुद्धानंतर पॉलिस्टायरीन साच्यात दाबून भरायची यंत्रं आली आणि धंदा पालटला. एअरफिक्स या यंत्रांवर आधी कंगवे काढत होती. १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टर कंपनीने आपल्या विक्रेत्यांच्या हाती द्यायला ट्रॅक्टरची प्रतिकृती मागितली. ती जोडून देणं परवडेना, तेव्हा सुटे भागच खोक्यात जाऊ लागले. या छंदाचा एक पाय असा कंगव्यात, दुसरा शेतात.

रणगाड्यांची गोष्ट मात्र जपानची. शिझुओका शहरात तामिया कुटुंबाची लाकडाची वखार आणि लाकूड कापायचा कारखाना होता, १९४६ चा. लाकडी खेळणी आणि नमुने हा त्यांचा जोडधंदा. प्लास्टिक आलं आणि लाकडी नमुने पडून राहू लागले. १९६० मध्ये त्यांनी प्लास्टिकचं पहिलं किट काढलं, यामातो या युद्धनौकेचं, १/८०० मापाचं. ते चाललं नाही. मग जर्मन पँथर रणगाडा निवडला, त्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं: पँथरची अंगं सपाट आणि उतरती, साचा सोपा. तो मोटरवर चालायला हवा होता, म्हणून पोटात दोन मध्यम सेल मावतील एवढं अंग ठेवलं. ते माप मोजलं तर आलं साधारण १/३५. फूट नाही, मीटर नाही. दोन सेल आडवे ठेवायची जागा!

शिगेरू कोमात्सुझाकी या चित्रकाराने खोक्यावर पँथर असा रंगवला की पोरांना आतलं प्लास्टिक नंतर आठवायचं. किट खपलं. पुढे शुन्साकू तामिया अमेरिकेतल्या ॲबरडीनच्या लष्करी संग्रहात जाऊन खऱ्या रणगाड्यांची मापं घेऊन आले. इतर कंपन्यांनीही १/३५ उचललं आणि आज रणगाड्यांच्या किटांत तेच सर्वांत रुळलेलं माप आहे.

तो पहिला पँथर जपानी दुकानांत आला त्याच सुमारास, १९६१ च्या डिसेंबरात, गोव्याच्या रस्त्यांवर खरे रणगाडे उतरले. पहाटे पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडा, शापोरा इथले पूल उडवले, तरी संध्याकाळपर्यंत भारतीय फौज बेतीला मांडवीच्या काठावर पोचली होती. आग्वाद किल्ल्यापाशी सातव्या लाइट कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल मारले गेले. ही तीच रेजिमेंट, जिने १ नोव्हेंबर १९४८ ला काश्मीरमधल्या झोजी ला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, स्टुअर्ट रणगाडे चढवले होते. भाच्याच्या खोक्यात स्टुअर्टच आहे. हा धागा त्याला मी सांगितला, तो आधी आकाराच्याच हिशोबाने खरेदीला गेला होता.

तो हिशोब असा. १/३५ वरून १/१६ वर आलं की लांबी दुपटीहून थोडी जास्त होते. पृष्ठभाग पावणेपाच पट होतो, म्हणजे रंगही तेवढा. आकारमान दहा पटींच्या वर. जर्मन टायगर रणगाडा तोफेच्या नळीसकट साडेआठ मीटर, १/१६ मध्ये तो होतो ५३ सेंटिमीटर. घरातल्या शोकेसचा खण ४५ चा. स्टुअर्ट जेमतेम ३० मध्ये बसतो.

मोठ्या मापाचा हा नाद पुन्हा मोटरमुळेच वाढला. तामियाने साठच्या दशकात १/२५ चे रणगाडे काढून पाहिले होते, ते माप फार टिकलं नाही. सत्तरच्या दशकात रेडिओवर चालणारे रणगाडे आले. गिअरपेटी, रिसीव्हर, बॅटरी हे सगळं पोटात घालायचं, तर १/१६ बरं. नव्वदीच्या अखेरीस तामियाचा किंग टायगर रणगाडा इंजिनाच्या आवाजासकट आला. मग चिनी कंपन्या उतरल्या: हेंग लाँगने तयार, छर्रे सोडणारे रणगाडे स्वस्त केले, ट्रम्पेटरने त्याच मापात नुसती ठेवायची किटं काढली. मोटर गेली, माप तेवढं राहिलं.

गोव्यात ही पेटी पोचायची वाट नेहमीच समुद्राची. भारताने केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीनंतर पोर्तुगीज सरकारने आयात सैल सोडली होती, खनिजाच्या निर्यातीतून पैसा येत होता, आणि पणजीच्या दुकानांत परदेशी माल भरभरून असायचा. मुक्तीनंतर भारताची परवाना पद्धत लागू झाली आणि फळ्या रिकाम्या झाल्या. पुढची काही दशकं मुरगांवहून लोहखनिज जपानला जायचं. तिकडचे खोके यायचे ते तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या, बॅगेतून. माझ्या लहानपणी वाड्यावरच्या एका तारवटी मामाने जपानी बंदरातून आणलेला १/३५ चा रणगाडा आम्ही पाच जणांनी मिळून एका दुपारी चिकटवला. ट्यूबमधला डिंक बोटांना, बोटं काचेला, सगळं एकत्र. एकही चाक फिरलं नाही.

१ एप्रिल २००१ पासून आयातीवरचे बहुतेक संख्यात्मक निर्बंध उठले आणि किटं उघडपणे येऊ लागली. पण कस्टमच्या कोष्टकात या वस्तूचं घर आहे ९५०३ या शीर्षकाखाली: तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी, आणि त्याच ओळीत लहान मापाच्या प्रतिकृती. खोक्यावर '१४ वर्षांवरील' छापलेलं असो, मूल्य हजारोंत असो, पन्नाशीचा गृहस्थ चष्मा लावून ते जोडत असो. कोष्टकाच्या दृष्टीने तो बाहुलीच आयात करतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. डिसेंबर २०१९ पासून परदेशातून 'भेट' म्हणून पाठवण्याची पळवाटही बुजली. सवलत उरली ती राखीला आणि जीवनरक्षक औषधांना. मामेभावाला राखीबरोबर रणगाडा पाठवणारी बहीण अजून मला भेटलेली नाही.

भाच्याचा खोका तीन आठवडे अडकला. कुरियरवाल्याचा फोन आला: "आत नेमकं काय आहे?" त्याने सरळ सांगितलं, "रणगाडा." पलीकडे बराच वेळ शांतता. असं उत्तर देऊ नये.

जोडणी जुलैत सुरू झाली, म्हणजे चुकीच्या महिन्यात. लॅकर रंग दमट हवेत फवारला की वाळताना त्यात बाष्प अडकतं आणि पृष्ठभागावर दुधाळ झाक येते. ऑलिव्ह हिरव्या रंगाचा पहिला हात दिला, तासाभरात सगळा वरचा भाग खोबऱ्याचं दूध सांडल्यासारखा. कंप्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा ट्रॅप होता, पण खोलीतल्या हवेला कोण अडवणार? शेवटी पाणी लावून वापरायचा सँडपेपर घेऊन सगळं घासलं आणि रंगकाम दिवाळीनंतर ढकललं. तोवर साखळ्या जोडल्या. मोठ्या मापात सोय ही की प्रत्येक कडी हातात धरता येते. गैरसोय ही की त्या जोडाव्याही एकेक करूनच लागतात. टायगर घेतला असता तर एका बाजूला ९६ कड्या होत्या.

दरम्यान वाड्यावरच्या पोरांनी दिवाळीच्या आदल्या रात्री वीस फुटी नरकासुर उभा केला, बांबू, कागद आणि गळ्यात फिरणाऱ्या मोटरीसकट. पहाटे जाळून टाकला. त्यांना शोकेस मोजावी लागत नाही. आमचा स्टुअर्ट अजून बिनरंगाचा आहे, आणि खणात त्याच्या उजवीकडे १५ सेंटिमीटर जागा उरते. भाचा ती मोजताना मी दोनदा पाहिला आहे.