काखेतल्या गाठी काढल्यानंतर हाताची सूज : स्लीव्ह घेण्याआधी वाचा

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं की घरच्यांचा फोन येतो, "एक स्लीव्ह पाठवून द्या, मापाचं नंतर बघू." आम्ही पाठवत नाही. स्लीव्ह म्हणजे सूज आवरायला हातावर दाब देणारी घट्ट, लवचिक बाही. चुकीच्या मापाची स्लीव्ह एका जागी काचते आणि सूज हाताच्या पंजाकडे ढकलते.

काखेतल्या लसिका ग्रंथी (अंगातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या किंवा तिथे रेडिएशन दिलं, की हातातला द्रव परत जायची वाट अरुंद होते. द्रव साचून येणारी सूज म्हणजे लिम्फेडेमा. ती सगळ्यांनाच येत नाही. फक्त सेंटिनेल ग्रंथी (स्तनातला द्रव सर्वांत आधी ज्यांत जातो त्या मोजक्या ग्रंथी) काढल्या असतील तर शंभरात साधारण ५-६ जणींना, काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढल्या असतील तर सुमारे २० जणींना. रेडिएशन आणि जास्त वजन यांनी धोका वाढतो. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते. उशिराही येऊ शकते.

सुरुवात कळतही नाही. बांगड्या चढेनात, ब्लाउजची एकच बाही घट्ट होते, हात जड वाटतो. म्हणून शक्यतो ऑपरेशनच्या आधीच दोन्ही हात शिंप्याच्या टेपने मोजा : मनगट, कोपराखाली १० सेंमी, कोपरावर १० सेंमी. तारीख घालून वहीत लिहा. उजव्या-डाव्या हातात थोडा फरक मुळातच असतो, तेव्हा आधीचं माप नसेल तर नंतर काही ठरवता येत नाही. फरक पूर्वीपेक्षा २ सेंमी वाढला, किंवा माप तेच असून जडपणा जात नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. लघवी वाढवणाऱ्या, 'पाण्याच्या' गोळ्या मनाने घेऊ नका. या सुजेवर त्यांचा उपयोग नाही.

विळीने कापलं, तेल उडालं तर जागा लगेच धुऊन औषध लावा. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेव्हा मसाज नको, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्लीव्हही नको.

"त्या हाताने काही उचलू नकोस" हा सासू-नणंदांचा सल्ला मायेचा, पण जुना. देखरेखीखाली हळूहळू वजन वाढवत केलेल्या व्यायामाने सूज वाढत नाही, असं अमेरिकेतल्या २००९ च्या अभ्यासात दिसलं.

हात बराच सुजला असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून बँडेजने सूज उतरवून घ्या, माप त्यानंतर. दाब किती हवा ते डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात. स्लीव्ह सकाळी उठल्यावर चढवा, झोपताना काढा. सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत ती सैल पडते. मग नवं माप.

आमच्याकडे माप बाईच घेतात. सकाळच्या वेळी, सैल बाहीचा कुर्ता घालून या. चिठ्ठी आणि मापांची वही सोबत आणा.